चिडवणं आधी थांबवा, वजनाचं त्यानंतर बघू

मुलुंडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं आणि तेवढ्यात वजन ९ किलोंनी वाढलं. वर्गातली मुलं ‘आंटी’, ‘ढोली’ म्हणतात, कुणीतरी तिच्या फोटोचं स्टिकर करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलं. आत्या घरी आली की पहिलं वाक्य, ‘अगं, किती सुटलीस!’ ऐन मे महिन्यातही ती जॅकेट घातल्याशिवाय बाहेर पडत नाही. शाळेत पीटीचा तास असला की पोट दुखतं. डबा भरलेला परत येतो आणि संध्याकाळी क्लासला जाताना वडापाव, चिप्स होतात. त्यात डॉक्टर म्हणालेत, ‘वजन आटोक्यात ठेवा’. तुमचं विचारणं असं की तिला दुखवायचं नाही आणि वजनाकडे डोळेझाकही करायची नाही, हे दोन्ही एकदम कसं जमवायचं?

एकदम जमत नाही, ताई. क्रम लावावा लागतो. तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: तिची चेष्टा होते आहे, तिचं खाणं विस्कटलंय आणि तिचं वजन वाढलंय. बहुतेक घरांत या तिन्हींना एकच औषध शोधलं जातं, ‘वजन उतरलं की चिडवायचे थांबतील’. यातून मुलीला कळतं ते एवढंच, की चिडवणाऱ्यांचं बरोबर आहे, आईबाबांनाही तसंच वाटतं. शिवाय ते खरंही नाही. त्याच वर्गात एखादी ‘काडी’ असते, एखादी ‘काळी’, एखादा ‘बुटक्या’. चेष्टा करणाऱ्याला निमित्त लागतं आणि ते कोणत्याही शरीरात सापडतं. म्हणून मी आधी चेष्टा आणि खाणं हातात घेते, वजन सगळ्यात शेवटी. किती वेळ लागेल हे शाळा किती साथ देते, घरात किती माणसं आहेत आणि ती किती दिवसांपासून उपाशी राहते आहे यावर ठरेल.

त्याआधी एक तपासणी आजच करा, कारण तिचा निकाल वेगळा आला तर बाकीचा क्रम बाजूला ठेवावा लागतो. तीन महिने पाळी आलेली नाही, उभं राहताना चक्कर येते, हातपाय कायम गार असतात, केस गळतात, जेवण झाल्या झाल्या ती बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून बराच वेळ आत राहते, कानाखाली गालाशी सूज दिसते, किंवा गेल्या काही आठवड्यांत वजन झरझर उतरलंय, यातलं काही असेल तर ‘वयाचा नखरा’ म्हणून सोडू नका. शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जाड दिसणारं मूलही खाण्याच्या विकाराने गंभीर आजारी असू शकतं. अशा मुलांचा आजार उशिरा कळतो, कारण पहिले १० किलो उतरेपर्यंत सगळे त्यांचं कौतुकच करत असतात.

जॅकेटचंही एकदा नीट बघा. बहुतेकदा ते अंग झाकायला असतं, पण कधी मनगटावरचे, दंडावरचे ओरखडे झाकायलाही असतं. झडती घेऊ नका, विचारा. शांतपणे, दोघीच असताना, सरळ शब्दांत: ‘तुला कधी जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला इजा करावीशी वाटते का?’ विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट असलेला बाहेर पडायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं ठेवू नका, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात टाका आणि तज्ज्ञाला गाठा. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

हे काही नसेल तर खाण्याकडे या. मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते डबा परत येण्याचं. तुम्ही वडापावला दोष दिलाय, पण वडापाव हा परिणाम आहे. सकाळी अर्धा कप दूध, डबा बंद, म्हणजे सकाळी सहा-सातपासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत पोटात जवळजवळ काही नाही. वाढत्या वयाचं शरीर हे सहन करत नाही. संध्याकाळी भूक अनावर होते, समोर जे तेलकट-खारट मिळेल ते भराभर खाल्लं जातं, मग लाज वाटते, मग ‘उद्या काहीच खायचं नाही’ असा निश्चय होतो आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा परत. हे चक्र संध्याकाळी तोडायला गेलात तर तुटणार नाही. वडापावचे पैसे बंद केलेत तर लपून खाणं सुरू होईल. ते सकाळी तोडावं लागतं.

डबा का परत येतो ते आधी शोधा, आणि ‘का नाही खाल्लास?’ असं विचारून ते कळत नाही. ‘मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे बसता? कोण कोण असतं?’ असं विचारा. पुष्कळदा मूळ इतकं साधं असतं की डबा उघडला की कुणीतरी ‘बघा, परत खातेय’ म्हणतं. मग जागा बदलणं, एका मैत्रिणीसोबत बसणं, चमच्याने पटकन खाता येईल असं काही देणं, यातून निम्मं काम होतं. डबा लहान करू नका. चार तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा. सकाळी पोळी किंवा अंडं किंवा उपमा, दोन घास का होईना. क्लासच्या आधी घरी येत असेल तर थालीपीठ-दही. परस्पर जात असेल तर दप्तरात छोटा दुसरा डबा, त्यात शेंगदाणे-गूळ, केळं, उकडलेले चणे असं काही. दोन-तीन आठवडे हे नेमाने झालं की संध्याकाळचा हल्ला बहुधा आपोआप ओसरतो. नंतर कधी वडापाव खाल्लाच तर तो एक असतो आणि बसून, चवीने खाल्लेला असतो.

काय बनवायचं, केव्हा आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे तिने. तिच्यासाठी वेगळी भाकरी-सलाडची थाळी आणि भावाला श्रीखंड-पुरी, असं करू नका. बदल करायचा तर सगळ्यांच्या ताटात. दिवसातलं एक जेवण टीव्ही आणि फोन बंद ठेवून एकत्र घ्या, त्या वेळी अभ्यास आणि वजन हे दोन्ही विषय वर्ज्य. आणि तुमच्या स्वतःच्या वाक्यांकडेही लक्ष ठेवा. ‘आज मी जेवत नाही, पुढच्या आठवड्यात लग्न आहे, ब्लाउज होत नाहीये’ हे आपण सहज बोलतो. तेरा वर्षांची मुलगी त्यातून धडा घेते.

आता आत्याचं. हे काम तुम्ही करू नका, तिच्या बाबांनी करावं. भावजयीने सांगितलं की विषय लगेच सासर-माहेरावर जातो, दोन दिवस फोनाफोनी होते आणि ‘माझ्यामुळे घरात भांडणं’ हे ओझं मुलीच्या डोक्यावर येतं. भावाने बहिणीला, मुलगी समोर नसताना, फोनवर दोन वाक्यांत सांगावं: ‘ताई, तुझा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. पण तिच्या अंगाबद्दल, चांगलं किंवा वाईट, काही बोलू नकोस, ती सध्या नीट जेवत नाहीये.’ ‘चांगलं’ हा शब्द मुद्दाम घालायचा. नाहीतर पुढच्या वेळी ‘अरे वा, बारीक झालीस की!’ येतं, आणि ते तितकंच घातक असतं. तरीही आत्या बोललीच तर त्याच क्षणी, हसत पण ठामपणे, मोठ्यांपैकी कुणीतरी विषय तोडावा: ‘ते राहू दे, तिने परवा काढलेलं चित्र बघितलंस का?’ मुलीने स्वतः उलट उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवू नका. आजीचीही एक गंमत असते, एका हाताने तूप वाढायचं आणि दुसऱ्या क्षणी ‘आमच्या वेळी या वयात कंबर अशी नव्हती’ म्हणायचं. आजीला गप्प करणं अवघड. तिला काम द्या, संध्याकाळच्या डब्याचं.

‘घरचे बोलतात ते प्रेमापोटी, त्याने काय होतं?’ असं तुमच्याकडे कुणी म्हणेलच. मिनेसोटा विद्यापीठाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांचा पाठपुरावा पंधरा वर्षांनंतरही केला गेला. किशोरवयात घरच्यांनी वजनावरून चिडवलेल्या मुलींमध्ये मोठेपणी लठ्ठपणा, स्वतःच्या शरीराचा तिटकारा आणि भावनेच्या भरात खाणं जास्त आढळलं. म्हणजे बोलून वजन उतरत नाहीच, उलट टोमण्यांशी वाढलेल्या वजनाचंही नातं दिसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्लाही हाच आहे: घरात वजनाची चर्चा आणि चेष्टा नको, डाएट नको, एकत्र जेवण हवं.

मुलगी रडत आली की आपण म्हणतो, ‘नाही गं, तू कुठे जाड आहेस?’ किंवा ‘दुर्लक्ष कर’. पहिलं तिला खोटं वाटतं, कारण आरसा तिच्याकडेही आहे. शिवाय त्यात एक छुपी कबुली असते, की जाड असणं म्हणजे काहीतरी भयंकर. दुसऱ्याने सगळा भार तिच्यावरच पडतो. त्याऐवजी आधी ऐका: कोण म्हणालं, कुठे, बाकीच्यांनी काय केलं. मग म्हणा, ‘असं बोलणं चूक आहे. यात तुझं काही चुकलेलं नाही. आता काय करूया, तुला काय बरं वाटेल?’ उपाय सांगायची घाई नको. पहिल्या दिवशी ती ‘काही नको’ म्हणेल, ते चालेल. चार दिवसांनी झोपताना परत स्वतःहून बोलेल.

शरीराबद्दल तिला जी माहिती हवी ती मात्र भरपूर द्या. माणसाच्या मोठेपणीच्या वजनातलं जवळजवळ निम्मं या काही वर्षांत चढतं, वाढीच्या जोरात मुलीचं वर्षाला ८ किलोंच्या आसपासही वाढू शकतं. कंबर, मांड्या आणि छाती भरणं हा त्या वाढीचाच भाग आहे. तेव्हा दीड वर्षात ९ किलो हा आकडा एकटा काही सांगत नाही. उंचीसकट आलेखावर मांडला तरच त्याला अर्थ येतो, आणि तो आलेख भारतीय मुलांचा हवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात, ते मागून बघा. मोठ्यांचं बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायचं, गणित तेरा वर्षांच्या मुलीला लावू नका, आणि फोनवरचं अॅप तर नकोच.

डॉक्टरांकडे एकदा नीट जाऊन या, पण त्यांना आधी एकटीने सांगून ठेवा की वजनाचं बोलणं तिच्यासमोर नको. मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा असेल तर तो मळ नाही. तो दगडाने किंवा उटण्याने घासून जात नाही, कातडी सोलवटते फक्त. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, तपासून घ्यावी. थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघतात. पाळीचं म्हणाल तर पहिल्या वर्षात ती अनियमित असणं स्वाभाविक आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त राहू लागलं, किंवा एकदाही ९० दिवसांच्या पुढे गेलं, तर दाखवा. पण नुसत्या सोनोग्राफीवरून ‘पीसीओडी (अंडाशयांचा संप्रेरकांशी निगडित विकार) आहे’ हा शिक्का या वयात मारून घेऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवर हे निदान करू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण या वयातल्या निरोगी अंडाशयांतही तसं चित्र दिसतं. शिक्का बसला की मुलगी आयुष्यभर स्वतःला बिघडलेली समजते. घरातला वजनकाटा उचलून माळ्यावर टाका. वजन दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडेच.

शाळेत जाताना रागाने, त्या मुलांच्या नावाने ओरडत जाऊ नका, आणि तिला न सांगता तर मुळीच जाऊ नका. तिला विचारा, कोणत्या शिक्षकांवर तिचा विश्वास आहे. मग लेखी द्या, एका पानात: कोणत्या तारखेला काय म्हटलं गेलं, कुठे, कोण हजर होतं, स्टिकरचा स्क्रीनशॉट. मागण्याही नेमक्या हव्यात. ग्रुपवरचं स्टिकर काढायला लावणं, बसायची जागा बदलणं, पीटीच्या वेळी गट शिक्षकांनी पाडणं (मुलांना गट निवडू दिले की जिला शेवटपर्यंत कुणी घेत नाही ती रोज एकदा सगळ्यांसमोर अपमानित होते), आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. प्रार्थनेच्या वेळी ‘कुणाला चिडवू नये’ असं भाषण नको म्हणून स्पष्ट सांगा. पाचशे मुलं मान वळवून तिच्याकडे बघतात. तिला आणि त्या मुलांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावणंही नको. त्याचा सूड ग्रुपवर उगवतो.

शेरे शिक्षकच मारत असतील तर प्रकरण वेगळं. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षाच नव्हे, तर मानसिक त्रास देण्यासही मनाई आहे. मुख्याध्यापकांना लिहिताना त्या कलमाचा उल्लेख करा. राज्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्याकडेही अर्ज देता येतो. आणि मुलं छातीबद्दल, अंतर्वस्त्रांबद्दल बोलत असतील, फोटोत छेडछाड करत असतील, तर त्याला चिडवणं म्हणायचं नाही. तो लैंगिक छळ आहे, त्याला पॉक्सो कायदा लागू शकतो, आणि तिथे ‘मुलं आहेत, समजावू’ एवढ्यावर शाळेला सुटू देऊ नका.

फोन काढून घेऊ नका. काढून घेतलात की पुढचं स्टिकर आलं तरी ती तुम्हाला सांगणार नाही. ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकता येतो, सोडायचा की नाही ते तिने ठरवावं, कारण गृहपाठही तिथेच येतो. इन्स्टाग्रामचं मात्र एकदा दोघींनी मिळून साफसफाईसारखं करा. ज्या अकाउंटनंतर आरशात बघावंसं वाटत नाही ती अनफॉलो, ‘पोट सपाट करा’ छापाच्या रील्सवर ‘नॉट इंटरेस्टेड’. इन्स्टाग्राम ज्यांच्या मालकीचं आहे त्या फेसबुक कंपनीची (आताची मेटा) २०२१ मध्ये बाहेर आलेली अंतर्गत कागदपत्रं आहेत. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी त्यात सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. हे तिला सांगा. या वयाच्या मुलांना उपदेश आवडत नाही, पण कुणी आपल्याला गंडवतंय हे कळलं की त्यांना राग येतो, आणि तो राग कामाचा असतो. रात्री फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, मोठ्यांचेही. आठ ते दहा तास झोप लागते या वयाला.

जॅकेट हट्टाने उतरवू नका. ते घातल्याने तिला तेवढ्यापुरतं सुरक्षित वाटतं, पण ‘जॅकेट नसतं तर सगळे हसले असते’ हा समज कधी तपासलाच जात नाही, म्हणून भीती टिकते. ती कमी करायची पद्धत पायऱ्यांची आहे. तिच्याकडून यादी करून घ्या, प्रत्येक प्रसंगाला शून्य ते दहा भीतीचे गुण. घरात जॅकेटशिवाय (२), खाली वाण्याकडे (४), बाल्कनीतल्या काकूंसमोर (५), मैत्रिणीकडे (६), क्लासला (८), पीटीला (१०). खालून सुरू करायचं, एक पायरी पाच-सहा वेळा, गुण निम्म्यावर येईपर्यंत. मगच वरची. कपडे आत्ता जे अंग आहे त्याच्या मापाचे घ्या. ‘बारीक झाल्यावर होईल’ म्हणून आणलेली जीन्स कपाटात रोज टोचत राहते. व्यायामाचंही असंच, जिमची फी भरण्यापेक्षा तिला ज्यात मजा येते ते, मग लेझीम असो, पोहणं असो की ठाण्याच्या येऊरला चालायला जाणं. ‘कॅलरी जाळायला’ हे शब्द नकोत.

तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे म्हणून त्याच्यासाठीही दोन वाक्यं. मुलग्यांची वाढ मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं मागे असते, तेव्हा सातवी-आठवीतला ‘बुटक्या’ नववी-दहावीत बहुधा ताड होतो. निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या छातीत वयात येताना थोडी गाठ किंवा फुगवटा येतो, बहुतेकांचा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातो. मुलगे याबद्दल घरी अवाक्षर काढत नाहीत, नुसतं शर्ट काढणं बंद करतात.

चार-सहा आठवड्यांत डबा रिकामा यायला लागला नाही, किंवा आरशापुढे रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, शाळा बुडत असेल, तर समुपदेशन सुरू करा. खासगीत एका सत्राला हजार-दीड हजारापासून पुढे पडतात, पालिकेच्या रुग्णालयात केसपेपरच्या नाममात्र शुल्कात होतं, पण सकाळची रांग धरावी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. फोनवरच विचारा, किशोरवयीनांसोबत आणि खाण्याच्या तक्रारींवर काम करता का. कुणी पहिल्याच भेटीत डाएट चार्ट हातात दिला तर दुसरीकडे जा. पहिल्या सत्रात तुम्ही दहा-पंधरा मिनिटं आत बसाल, नंतर बाहेर. ती काय बोलली हे घरी येताना रिक्षात विचारू नका. जिवाला धोका असेल तर समुपदेशक तुम्हाला सांगतातच. आणि ग्रुपवरचे स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये असले तरी ते तिला विचारल्याशिवाय तिथे दाखवू नका.